तंबोऱ्याची जवारी : खुली आणि बंद

गाण्याच्या बैठकीस वेळेवर जाणाऱ्या श्रोत्याला एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गवई स्थानापन्न झालेले असतात, तबलजी हातोडीने गट्टे ठोकीत असतो आणि मागे बसलेला शिष्य तंबोऱ्याच्या भोपळ्यावर वाकून काहीतरी खटपट करीत असतो. चारही तारा तर केव्हाच स्वरात मिळालेल्या असतात. मग हा करतो काय? तारेखाली दोऱ्याचा एक लहानसा तुकडा असतो, तो तो केसभर पुढे सरकवतो, पुन्हा मागे आणतो. एका क्षणी मुकी वाटणारी तार एकाएकी बोलू लागते आणि सारा मांडव नादाने भरून जातो. या घटनेला ‘जवारी लागली’ असे म्हणतात. ती लागते म्हणजे काय होते, याचा थोडा विचार आज करू.

स्वर जुळणे आणि जवारी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. खुंटी पिळून तारेची उंची ठरते; तिचा रंग ठरतो तो जवारीने. एकाच उंचीचा षड्ज तेजस्वी, धारदारही असू शकतो आणि मऊ, उबदारही असू शकतो. पहिल्या प्रकारास खुली जवारी म्हणतात, दुसऱ्यास बंद अथवा गोल जवारी म्हणतात. पाश्चात्त्यांच्या पियानोतही हाच प्रश्न उद्भवतो. त्याच्या तारांवर लोकरी नमद्याने मढवलेल्या लहान हातोड्या आपटतात. वापराने नमदा दडपून कठीण झाला की आवाज कर्कश होतो. तेव्हा कारागीर त्यात सुया टोचून तो सैल करतो. आवाज फारच मऊ असला तर नमद्याचा वरचा थर घासतो किंवा त्याला कठीणपणा आणणारे द्रावण लावतो. पियानोत ही मशागत तारेवर आघात करणाऱ्या वस्तूची होते. तंबोऱ्यात ती तार जिच्यावर टेकते त्या घोडीची होते.

घोडी म्हणजे तबलीवर बसविलेली पाटासारखी लहान बैठक. व्हायोलिनची घोडी कडेला पातळ असते; तार तिला एका बिंदूत स्पर्श करते आणि तेथेच संपते. तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद असते व तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला नजरेस न येणारा, अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि उठते, टेकते आणि उठते. टेकण्याची जागा सारखी मागेपुढे सरकत राहते. या अखंड घासण्यातून मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर जागे होतात.

उपस्वर म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खरजाची तार सेकंदाला १०० कंपने करीत आहे असे धरू. तिच्यातून २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनेही निघतात. २०० आणि ४०० हे वरचे षड्ज, ३०० हा पंचम आणि ५०० हा गंधार होय. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी उत्तम लागलेल्या खरजातून गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच.

यात शास्त्रज्ञांनाही कोडे पडावे असे काही होते. इंग्लंडातील थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू पडतो, तो उपस्वर त्या तारेतून उमटू नये, असे तो सांगतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर २०० आणि ४०० कंपनांचे उपस्वर मिळता कामा नयेत. पण तंबोऱ्यावर ते मिळतात! चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर लिहिलेल्या निबंधात ही गोष्ट दाखवून दिली आणि तिचे मूळ घोडीच्या रुंद, वक्र माथ्यात आहे असे प्रतिपादले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पुढे १९३० साली, प्रकाशावरील कार्यासाठी.

आता दोऱ्याचे काम समजणे सोपे जाईल. तो तारेला घोडीवरून किंचित उचलतो. दोरा योग्य जागी आला म्हणजे तार माथ्याला नेमकी हवी तेवढीच चाटून जाते. तो जाड असेल तर त्याचे पेड उलगडून बारीक करावा लागतो. दोरा हलला की तारेची उंचीही थोडी बदलते. मग घोडीच्या खालच्या अंगाचा मणी सरकवून स्वर पुन्हा मिळवावा लागतो.

परंतु दोऱ्याच्याही सामर्थ्याला मर्यादा आहे. वर्षानुवर्षांच्या वादनाने तारा घोडीवर बारीक चर पाडतात. तार चरात रुतली की उतार नाहीसा होतो आणि आवाज बसतो. अशा वेळी घोडी कानस व काचकागद घेऊन नव्याने घासावी लागते. याला जवारी काढणे म्हणतात. माथा सपाटीकडे झुकवला तर जवारी खुलते, गोलाई वाढवली तर बंद होते. फरक असतो तो डोळ्यांना न दिसणारा. कारागीर दोन हात घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. मोजपट्टी म्हणून त्याच्यापाशी केवळ कान असतो.

हे कान पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले ते मिरजेस. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींचे काम उरले नाही. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यांच्या कामात हात घातला. भीमाकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेस येऊ लागले आणि पोलादाला पाणी देणारे हात नादाला धार लावू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हां नाशिककरांनाही मिरज परकी नाही. पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापणारे पं. विष्णु दिगंबर पलुसकर गाणे शिकले ते मिरजेस, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी. आणि १९३१ साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेसच.

मग खुली जवारी चांगली की बंद? या प्रश्नाला एक उत्तर नाही. सतारीतही जवारी असते. पं. रविशंकरांची सतार खुल्या जवारीकडे झुकलेली, तर उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद जवारीकडे. एकीत झळाळी, दुसरीत गळ्याची आर्जवे. दोघांपैकी कोण चुकले, असे कोणी म्हणू शकेल काय? म्हणूनच जाणता कारागीर कानस उचलण्यापूर्वी विचारतो, “गाणार कोण? पट्टी कोणती?”

आम्ही हा धडा खर्च करून शिकलो आहोत. तरुणपणी आमच्या घरच्या तंबोऱ्याची जवारी काढावयास दिली होती. आवाज सुरेख झाला होता. पण आम्हांला तो आणखी खुला हवा होता. “आता पुरे, साहेब. वाद्य बोलते आहे,” असे त्या वृद्ध कारागिराने दोनदा सांगितले. आम्ही हट्ट धरला. त्याने मुकाट्याने कानस फिरवली. घरी आणून पाहतो, तो तंबोरा नुसता खणखणत होता. त्याच्याबरोबर गाऊ गेले तर गळाच झाकून जाई. शेवटी नवी घोडी बसवावी लागली. दोरा सरकवला तर परत आणता येतो. घासले गेलेले मात्र परत येत नाही.

१९८० च्या आसपास विजेचे तंबोरे बाजारात आले, आता तर ते खिशातल्या मोबाइलमध्येही आहेत. प्रवासात, चाळीतल्या खोलीत त्यांची सोय मोठी आहे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांत नादाचा रंग दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो. कळ दाबणाऱ्या विद्यार्थ्यावर ‘मला कोणता नाद हवा आहे?’ असे स्वतःला विचारण्याची वेळच येत नाही. ज्याला हवे ते ओळखता येत नाही, तो कारागिराला सांगणार काय? आणि सांगणारे उरले नाहीत, तर ऐकून घासणारे तरी किती दिवस उरतील?

म्हणून ज्यांच्या घरी तंबोरा खोळीत उभा असेल, त्यांनी तो काढावा. कानशीच्या वाटेस मात्र जाऊ नये. ते काम जाणत्याचे. सुती दोऱ्याचा एक तुकडा तारेखाली घालावा, हळूहळू सरकवावा आणि कान देऊन बसावे. आणि पुढल्या बैठकीत मागचा शिष्य तंबोऱ्यावर वाकलेला दिसला, तर कुरकुर न करता त्याला दोन मिनिटे अधिक द्यावीत. गाणे तेथूनच सुरू झालेले असते.