युकुलेलेची मान तुटते कुठे?

१८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून काही सुतार हवाईला पोहोचले. त्यांच्यासोबत आलेल्या छोट्या तंतुवाद्यातून पुढे चार तारांचे युकुलेले घडले. मुलांसोबत ते घरी बनवायचे असेल, तर आधी फळीची कड नीट पाहा. लाकडाच्या रेषा मानेच्या लांबीला समांतर हव्यात. खरा धोका मागे झुकणाऱ्या डोक्यापाशी असतो. अखंड फळीतून कोरल्यास तिथे रेषा आखूड पडतात. वाद्य हातातून निसटले की डोके तुटते. म्हणून फळी सुमारे १५ अंशांत तिरकी कापा आणि कापलेला तुकडा उलटवून सरसाने चिकटवा. मग डोक्यातही रेषा लांब राहतात. रंधा मारताना लाकूड उचकटले, तर जोर लावू नका, दिशा बदला.