हाडाला हवंय जेलीचं सेंट्रिंग!

सोमवारची सकाळ. फर्स्ट शिफ्टची घाई. गंगापूरहून वाळूज एमआयडीसीत रोज बाईकने अप-डाऊन करणारा माझा मावसभाऊ उसाची ट्रॉली चुकवायला गेला, घसरला आणि थेट ऑपरेशन थिएटरमध्ये पोचला! नडगीच्या हाडाचा मधला भाग चुरा झालेला. डॉक्टरांनी रॉड टाकला आणि गॅप भरायला त्याच्याच कमरेचं हाड काढून तिथे लावलं. महिन्याने भेटायला गेले तर पठ्ठ्या म्हणतो, "पायाचं जाऊ दे ताई, कंबरच लई ठणकते!"

अपघात एक, जखमा दोन. स्वतःचंच हाड वापरायच्या या पद्धतीला म्हणतात 'ऑटोग्राफ्ट'. त्यात स्वतःच्या जिवंत पेशी असतात, म्हणून डॉक्टरांचा आजही तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा. पण कमरेतला स्टॉक लिमिटेड, आणि दुखणं डबल. मग दुसरा पर्याय? शास्त्रज्ञांचं एक उत्तर ऐकून तुम्ही हसाल. जेली!

फालुद्यातला फंडा

फालुद्यातला सब्जा आठवा. पाणी पिऊन टम्म फुगतो, पण विरघळत नाही. हायड्रोजेलचा फंडा अगदी तोच. लांबलचक रेणूंचं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. तुमच्यापैकी कित्येक जण रोज सकाळी ते डोळ्यात घालतात. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे हायड्रोजेलच! चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ मध्ये मुलांच्या मेकॅनो टाइप खेळण्यातून घरीच मशीन जोडून या लेन्स बनवल्या होत्या.

आता हाडाकडे वळू. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात ना? काँक्रीट पक्कं झालं की ते काढून घेतात. हाडातल्या गॅपमध्ये बसवलेलं 'स्कॅफोल्ड' हेच काम करतं. त्याच्या छिद्रांमधून पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, पाण्यातून त्यांना पोषण मिळतं आणि हळूहळू नवं हाड तयार होतं. फरक एवढाच, की हे सेंट्रिंग काढायला पुन्हा ऑपरेशन नको. ते आपलं आपणच विरघळतं. टायमिंग मात्र परफेक्ट हवं. लवकर विरघळलं तर गॅप तशीच, उशीर झाला तर नव्या हाडाला जागाच नाही.

घोडं कुठे अडलंय?

अहो, जेली ती जेलीच! अख्ख्या शरीराचं वजन ती कशी पेलणार? म्हणून तिच्यात हायड्रॉक्सीअॅपेटाइटचे कण मिसळून बघतात. आपल्या हाडांना आणि दातांना कडकपणा देणारं खनिज ते हेच.

दुसरा रस्ता आपल्या पुण्यातून जातो, आणि तो चक्क रेशमाचा आहे! रेशमाच्या धाग्यात फायब्रॉइन नावाचं मजबूत प्रथिन असतं. कोष उकळून वरचा चिकट थर काढला की फायब्रॉइन उरतं. ते विरघळवून त्याचं जेल, स्पंज किंवा बारीक कण बनवता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी कणांचा पर्याय निवडला. कण एकमेकांना जोडून त्यांनी दाब सोसणारं आणि सावकाश विरघळणारं स्कॅफोल्ड बनवलं. हा शोधनिबंध २०१८ चा. याच कामातून 'सेरिजेन' ही कंपनीही उभी राहिली. योगायोग बघा, त्याच वर्षी आपल्या शेजारच्या जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. मराठवाड्यातली तुती पैठणीपुरतीच नाही, बॉस!

मग उद्या मिळेल का?

इतकी घाई नको. छोट्या पोकळ्या भरायला कृत्रिम बोन ग्राफ्ट हॉस्पिटलांमध्ये वापरले जातात. पण मांडी-नडगीसारख्या वजन पेलणाऱ्या हाडांतल्या मोठ्या गॅपसाठी हायड्रोजेल अजून बहुतांशी लॅबमध्येच आहे. कुणी 'जादूची जेल' म्हणून गळ्यात मारत असेल तर सावध! ऑपरेशनआधी डॉक्टरांना बिनधास्त विचारा : हाड कुठून घेणार? कृत्रिम ग्राफ्ट चालेल का? आणि हो, टी-ब्रेकमधली ती सिगरेट सोडा. तिच्यामुळे हाड जुळायला उशीर होतो.

भाऊ आता काठीशिवाय चालतो. त्याला हे सगळं सांगितलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, माझं तर झालं. पण पुढच्याची कंबर तरी वाचू दे!"