समलिंगी पुरुषांमधील एचआयव्ही प्रतिबंध : मुंबई-पुण्यापासून नसरापूरपर्यंत

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच ‘नाको’, अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळातील प्रचाराचा रोख वेश्यावस्ती, ट्रकचालक आणि दूषित रक्त यांवर होता. पुरुषांच्या पुरुषांशी असलेल्या संबंधांचा त्यात जवळजवळ उल्लेख नसे. त्यामुळे हा आजार बाईकडूनच होतो आणि पुरुषाशी संबंध ठेवणे सुरक्षित आहे, असा समज अनेकांनी करून घेतला. वस्तुस्थिती उलट होती. निरोधाशिवाय केलेल्या गुदमैथुनात संसर्गाची शक्यता योनिमैथुनापेक्षा बरीच जास्त असते.

ही पोकळी भरून काढण्याचे काम समलिंगी समूहातील माणसांनीच हाती घेतले. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. समुपदेशनाच्या जोडीने त्यांनी मराठीत लैंगिकतेवर पुस्तके लिहिली. इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला या विषयावर आपल्या भाषेत, शांतपणे वाचता येईल असे फार थोडे तोवर उपलब्ध होते. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून पुरुष आणि तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांचा ‘मुस्कान’ हा गट पुढे आला.

नाकोच्या दुसऱ्या टप्प्यात, १९९९ नंतर, या कामाला ‘लक्ष्यगट हस्तक्षेप’ कार्यक्रमाची चौकट मिळाली. कार्यकर्ते त्याला ‘टीआय’ (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) म्हणतात. साधारण ६० जणांमागे त्याच समूहातील एक पीअर एज्युकेटर असतो. बागा, रेल्वे स्थानके, सार्वजनिक स्वच्छतागृहे अशा भेटीच्या जागी जाऊन तो ओळख वाढवतो, निरोध देतो, गुप्तरोगांच्या तपासणीला सोबत नेतो आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही चाचणी करून घ्यायला सांगतो. तेल किंवा व्हॅसलिन लावल्यास निरोध फाटतो, म्हणून पाण्यावर आधारित वंगण वापरावे, ही साधी पण जीव वाचवणारी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली ती अशाच भेटींतून. कोथी (बायकी वळणाचे पुरुष), पंथी (त्यांचे पुरुषी जोडीदार), विवाहित, अविवाहित अशा प्रत्येकाशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस समोर होता, म्हणून ती पटली.

या कामातला मोठा अडथळा होता समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७. जुलै २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक झाली. त्याच वर्षी ‘नाझ फाउंडेशन’ या संस्थेने कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २००६ मध्ये नाकोने प्रतिज्ञापत्राद्वारे न्यायालयाला सांगितले, की या कलमामुळे माणसे लपून राहतात आणि आरोग्यसेवा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गृह मंत्रालय मात्र कलमाच्या बाजूने उभे होते. उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला अनुकूल निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. त्याच महिन्यात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करणे, तिचा निकाल उघड करणे आणि रुग्णाशी भेदभाव करणे यांना त्याने मनाई केली.

उपचारांचे चित्रही याच काळात पालटले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीला आवर घालणारी एआरटी औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी झाले, की लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. नाकोच्या पाहणीत समलैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधील संसर्गाचे प्रमाण २०१०-११ मध्ये ४.४३ टक्के होते. २०१७ मध्ये ते २.६९ टक्क्यांवर आले. २०२१ मध्ये ते ३.२६ टक्के नोंदले गेले. देशातील सर्वसाधारण प्रौढांमध्ये हेच प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे काम फळाला आले, पण पुरे झाले नाही.

नसरापूरसारख्या गावी ही उणीव स्पष्ट होते. पुणे-बंगळुरू महामार्गालगतचे हे भोर तालुक्यातील बाजाराचे गाव. वेल्ह्याची वाट इथूनच फुटते आणि पुणे सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. अशा गावात भेटीची ठरलेली जागा नसते. सरकारी दवाखान्यात ओळखीचे कोणी ना कोणी भेटते, आणि पंचविशीतल्या मुलाच्या लग्नाची चर्चा घरोघर असते. लग्न झालेला पुरुष गप्प राहिला, तर त्याच्या पत्नीलाही नकळत धोका पोहोचतो. ठरलेल्या जागांवर आधारलेली शहरी पद्धत इथे पुरी पडत नाही. ग्रामीण भागासाठी नाकोने तिसऱ्या टप्प्यात गावपातळीवर कार्यकर्ते नेमणारी लिंक वर्कर योजना आणली. पण आता ओळखी मोबाइलवरील अॅपमधून होतात, त्यामुळे गावात आणि शहरातही कार्यकर्त्याला माणूस शोधणे अवघड झाले आहे.

हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतील लॅटिनो समलिंगी पुरुषांवरील १९९८ च्या ग्रंथात राफाएल डियाझ यांनी दाखवले, की माहिती आणि इच्छा असूनही गरिबी, वंशभेद आणि घरादाराने लादलेली लाज यांपुढे सुरक्षित वागणूक टिकत नाही. महाराष्ट्रातील तीन दशकांचा अनुभव हेच सांगतो. पत्रक वाटून काम भागत नाही. विश्वासाचा माणूस, गुप्त राहणारी चाचणी आणि भय न घालणारा कायदा, तिन्ही लागतात.

यांतला कायदा बदलला आहे. चाचणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. १०९७ या नि:शुल्क हेल्पलाइनवर नाव न सांगता माहिती विचारता येते. आता गरज आहे ती तालुक्याच्या रुग्णालयात गुप्ततेची खात्री देणाऱ्या समुपदेशकाची, आणि भोर-वेल्ह्याच्या मुलाशी त्याच्याच बोलीत बोलणाऱ्या कार्यकर्त्याची.