अक्षांश-रेखांशांवरचा लपंडाव

२ मे २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हुकमाने जीपीएसच्या नागरी संकेतांत बुद्ध्या ठेवलेली अशुद्धता दूर करण्यात आली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकनजीकच्या रानात डेव्ह उल्मर नामक गृहस्थांनी एक काळी बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. लपवलेल्या डब्या अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याच्या ‘जिओकॅशिंग’ या खेळाचा उगम तो हाच. त्या बादलीत पुस्तके, गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा हवाबंद डबा होता. आता मात्र डब्यांत खाद्यपदार्थ वर्ज्य आहेत, कारण वासावर येणारी जनावरे खेळाडूंच्या आधी पोहोचतात.

बालकासह प्रथमच निघणाऱ्याने, काठिण्य आणि भूप्रदेश यांचे १ ते ५ या श्रेणीतील दोन्ही अंक दीडच्या आत असलेली आणि आकाराने निदान ‘स्मॉल’ अशी डबी मोबाइलवरील जिओकॅशिंगच्या ॲपमध्ये हेरावी. ‘मायक्रो’ डबीत कागदाच्या सुरळीवाचून फारसे काही मावत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाला सुरळीचे कसले आले आहे नवल! उपग्रह काही मीटरांपर्यंत आणून सोडतो; पुढचा सारा कारभार डोळ्यांचा, म्हणून तेथे मोबाइल खिशात घालून खोडाची बेचके, बाकाची खालची बाजू, दगडांची संशयास्पद रास हे सारे मुलालाच धुंडाळू द्यावे. सापडल्यावर डबीतल्या वहीत तारीख व टोपणनाव नोंदवावे, आतला जिन्नस उचलल्यास तोलामोलाचा दुसरा ठेवावा आणि डबी होती तेथेच लपवावी, असा शिरस्ता आहे. पेन्सिल घरूनच न्यावी. डबीत ती असेलच असे नाही.