यंत्राचे नाक

पनवेलहून निघालेली रोहा गाडी पेण सोडते, कासू मागे पडते आणि नागोठणे येते. तोपर्यंत डब्यात पेणचे पोहे, पापड आणि गणपतीच्या मूर्तींचे भाव यांच्या गप्पा रंगलेल्या असतात. याच नागोठण्याच्या वायुप्रकल्पात १९९० च्या नोव्हेंबरात वायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. पुढे रोहा, आणि रोह्याला लागून कुंडलिकेच्या काठी धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत. या टापूतल्या माणसाला वाऱ्याची दिशा पाहायला कुणी शिकवावे लागत नाही.

माझी भाची राहते रोह्याला आणि पेणच्या बाजूला एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. वायू ओळखणारे अतिसूक्ष्म पदार्थ हा तिच्या संशोधनाचा विषय. "मामा, मी यंत्राला नाक बसवते," एवढ्यात ती तो उरकते.

आता तुम्ही म्हणाल, देवाने दिलेले नाक असताना यंत्राचे कशाला? मीही तेच विचारले. तिने हायड्रोजन सल्फाइडचे उदाहरण दिले. याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो अगदी थोडा असला तरी कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले, की नाकच मुके होते. माणसाला वाटते, वायू गेला! मैल्याच्या टाकीत उतरलेल्या कामगारांचा घात असाच होतो.

यंत्राच्या नाकाचे काम मला फार गमतीचे वाटले. काचेच्या किंवा चिनी मातीच्या चकतीवर झिंक ऑक्साइडच्या कणांचा थर द्यायचा आणि तो दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवायचा. हवेतला प्राणवायू कणांच्या अंगावर बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन अडवून धरतो. वीज वाहायला अडचण होते. एवढ्यात अमोनिया आला, तर तो त्या प्राणवायूशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज पुन्हा वाहू लागते. तेवढा फरक मोजायचा! हा सगळा कारभार कणाच्या पृष्ठभागावर चालतो, म्हणून कण जितका बारीक तितके नाक तिखट. केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर. भाचीचे कण काही दहा नॅनोमीटरांचे.

कल्पना नवी नाही. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा असा उपयोग दाखवला, आणि त्याच वर्षी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडवर पेटंट मागितले. आपल्याकडेही हे काम फक्त मोठ्या शहरांत होते असे समजू नका. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातले एल. ए. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा झिंक ऑक्साइड व अमोनियावरचा निबंध २००६ साली परदेशच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. २०१३ मध्ये काही अणूंइतक्या पातळ मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरांवर असाच एक निबंध निघाला. त्याच्या लेखकांत उमेश वाघमारे, विनायक द्रविड आणि सी. एन. आर. राव ही नावे आहेत. जगभरच्या संशोधकांनी तो शेकडो वेळा आधाराला घेतला.

आता या 'आधाराला घेण्या'ची गोष्ट. एकाच्या निबंधाचा दुसऱ्याने आपल्या निबंधात उल्लेख केला, की त्याची नोंद होते. अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ही सूची सुचवली आणि १९६४ पासून ती निघू लागली. संदर्भ शोधायला सोय, एवढाच मूळ हेतू. पुढे २००५ मध्ये हर्श या पदार्थवैज्ञानिकाने तिच्यातून एक आकडा काढला: बारा निबंध प्रत्येकी निदान बारा वेळा उल्लेखले गेले असले, तर तुमचा आकडा बारा. झाले! नेमणुका, बढत्या, अनुदाने, सगळीकडे हा आकडा विचारला जाऊ लागला. आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखे त्याचे झाले आहे. कुणी किती दिले ते लिहिलेले असतेच, पण परतीच्या आहेराकडेही डोळा असतो. काही मंडळी एकमेकांचे उल्लेख ठरवून करतात, हे उघड गुपित आहे. तरी मी म्हणेन, वही अगदीच खोटी नाही. आडगावच्या प्रयोगशाळेतले काम कोरियात कुणी वाचले, हे दुसऱ्या कशाने कळणार?

पण वहीत एक गोष्ट लिहिली जात नाही: ते नाक कुठे बसवले? भाचीच्या झिंक ऑक्साइडच्या पहिल्या निबंधाला उल्लेख बरे मिळाले. मात्र त्यातली सगळी मापे कोरड्या हवेतली. बाष्प हे या चकत्यांचे जुने दुखणे. पाण्याचे रेणू कणांवर येऊन बसतात आणि प्राणवायूची जागा बळकावतात. आणि रोह्याचा आषाढ तुम्ही पाहिलाच असेल! पापड डब्यात मऊ पडतात, तिथे चकतीचे काय?

गेल्या पावसाळ्यात तिने तीच चकती रोज दमट हवेत तपासली. ओल वाढली की अमोनियाला मिळणारा प्रतिसाद ढासळे. मधूनच अमोनिया नसताना सुई हले. शेजारणीने फोडणी दिली तरीसुद्धा हले. हे सारे तिने तारीखवार लिहिले आणि निबंध करून पाठवला. पहिल्या नियतकालिकाने आकडे आकर्षक नाहीत म्हणून तो परत केला. दुसऱ्याने छापला. सहा महिने झाले, त्याला एकही उल्लेख नाही. तिच्या वरिष्ठांनी सुचवले, की पुन्हा कोरड्या हवेकडे वळावे. बढतीची मुलाखत जवळ आली आहे.

तिने चकतीवर पाणी न धरणारा पातळ लेप देऊन पाहायला घेतला आहे. लेपामुळे पाणी अडते, पण वायूही थोडा अडतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, की ती पुन्हा मापे घ्यायला बसणार आहे.