शेततळ्याचे पाणी, हरभऱ्याची रास: घनफळाविषयीचे काही गैरसमज

कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही पिके घेणाऱ्या धामणगाव रेल्वेच्या परिसरात घनफळाचा, म्हणजे वस्तूने व्यापलेल्या किंवा तिच्यात मावणाऱ्या जागेचा प्रश्न शाळेच्या वहीपुरता राहत नाही. शेततळ्याची खोदाई, बाजार समितीच्या ओट्यावरील धान्याची रास आणि जिनिंग-प्रेसिंगमधील रुईची गाठ या तिन्ही ठिकाणी तो उभा राहतो.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि ३० × ३० × ३ मीटर हे माप शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. या तीन आकड्यांचा गुणाकार २,७०० घनमीटर येतो, आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणून तळ्यात २७ लाख लिटर पाणी मावते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा गुणाकार इष्टिकाचितीला, म्हणजे सरळ उभ्या भिंतींच्या आयताकृती पेटीला लागू पडतो. शेततळ्याच्या बाजू मात्र ढासळू नयेत म्हणून उतरत्या ठेवलेल्या असतात. उतार १:१ धरला, तर ३ मीटर खोलीवर प्रत्येक बाजू ३ मीटर आत सरकते आणि तळ २४ × २४ मीटरच उरतो. हा आकार टोक कापून उलटा ठेवलेल्या पिरॅमिडचा असून त्याचे घनफळ काढताना वरचे क्षेत्रफळ (९००), तळाचे क्षेत्रफळ (५७६) आणि त्या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ (७२०) यांची बेरीज करून तिला खोलीच्या एक तृतीयांशाने गुणावे लागते. उत्तर येते २,१९६ घनमीटर. म्हणजे पहिल्या हिशेबातले ५ लाख ४ हजार लिटर पाणी केवळ कागदावरचे होते.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून तिला खोलीने गुणले की घनफळ अचूक मिळते, असे अनेकांना वाटते. त्या रीतीने २,२१४ घनमीटर येतात. लांबी-रुंदीची सरासरी (२७) घेऊन गुणाकार केला, तर २,१८७ येतात. एक उत्तर जास्त, दुसरे कमी, आणि दोन्ही चूक. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात खड्ड्यांच्या गणितासाठी, म्हणजे खातव्यवहारासाठी, याच दोन रीती दिल्या आणि दोहोंतील फरकाचा तिसरा हिस्सा लहान उत्तरात मिळवला की सूक्ष्म घनफळ मिळते, असे सांगितले. येथे फरक २७, त्याचा तिसरा हिस्सा ९, आणि २,१८७ अधिक ९ म्हणजे नेमके २,१९६. खोदाईच्या मजुरीसाठी १८ घनमीटरांची चूक किरकोळ मानता येईल, पण तेराशे वर्षांहून जुनी ही दुरुस्ती पाठ्यपुस्तकातल्या सूत्रापेक्षा तोंडी हिशेबाला सोयीची आहे, हे नाकारता येत नाही.

याच आकारामुळे, तळे निम्म्या उंचीपर्यंत भरले म्हणजे निम्मे पाणी साठले, हा समजही फसवा ठरतो. तळापासून दीड मीटर पाणी असताना पृष्ठभाग २७ × २७ मीटरचा असतो आणि साठा ९७६.५ घनमीटर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सुमारे ४४ टक्के असतो. संरक्षित ओलिताचे नियोजन काठीवरच्या खुणेवरून करणाऱ्याला सुमारे सव्वा लाख लिटरांची तूट येते.

शंकूविषयीचा गैरसमज तर थोरांनाही चुकला नाही. त्रिकोणाचे क्षेत्रफळ आयताच्या निम्मे असते, म्हणून निमुळत्या आकाराचे घनफळही निम्मे असावे, असे वाटते, आर्यभटाच्या ग्रंथात (इ.स. ४९९) पिरॅमिडसाठी, प्रचलित अर्थानुसार, निम्म्याचेच सूत्र आहे. ब्रह्मगुप्ताने एक तृतीयांश हे योग्य प्रमाण दिले. घनाचा एक कोपरा शिरोबिंदू मानून त्याला न लागणाऱ्या तीन बाजूंवर पिरॅमिड उभारले, तर तीन समान तुकड्यांत संपूर्ण घन संपतो, आणि तिसऱ्या हिश्शाचे कारण तेथे दिसते. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) धान्याच्या राशीसाठी परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग गुणिले उंची अशी रीत दिली असून हरभऱ्यासारख्या जाड दाण्यांच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी धरली आहे. परीघ १२ मीटर असेल तर उंची १.२ मीटर आणि घनफळ ४.८ घनमीटर येते. पायची अधिक अचूक किंमत घेतल्यास ते सुमारे ४.५८ भरते. ही तफावत पाय ३ मानल्याने येते, रचना मात्र शंकूचीच आहे.

वृत्तचितीच्या, म्हणजे नळकांड्याच्या आकाराच्या टाकीचा व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट नव्हे, चौपट मावते, आणि उंचीही दुप्पट केली तर आठपट. त्रिज्येच्या जागी व्यास घालण्याची परीक्षेतली चूक म्हणूनच उत्तर चौपट करून टाकते.

राहिला घनफळ म्हणजेच वजन हा समज. पाण्यापुरते १ घनमीटर म्हणजे १ टन हे चालते, पण हरभऱ्याच्या राशीत दाण्यांमध्ये पोकळी असल्याने घनमीटरचे वजन टनापेक्षा बरेच कमी भरते. रुईत हवा त्याहून कितीतरी अधिक असते. प्रेसमध्ये ती हवा निघून ढीग आकसतो, वजन मात्र तेवढेच राहते, आणि गाठीचे प्रमाण म्हणून १७० किलो हे वजन ठरवले आहे, घनफळ नव्हे.