घटामागचा कुंभार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे बाजारपेठेचं गाव आहे. त्याच तालुक्यात समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब. रामनवमीला तिथं उत्सव असतो. अंबडच्या मत्स्योदरीला नवरात्रात रीघ लागते, आणि पैठणची नाथषष्ठी तर उभ्या मराठवाड्याची. सणांच्या अभ्यासकाला एवढ्या टापूत जन्मभराचं काम आहे. तरी ग्रंथांत हा टापू शोधू गेलं की हाती फार थोडं लागतं. जे लागतं त्यात देव असतो, तिथी असते, गर्दीचा आकडा असतो. सणाचं सामान घडवणारा माणूस बहुधा नसतो.

खरं तर कुंभाराचं वर्ष पंचांगावर चालतं. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्यासाठी मातीची जोडी, दिवाळीला पणत्या आणि लाह्या-बत्ताशांची बोळकी, संक्रांतीला सुगडी, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाणी भरून ठेवायची केळी.

नवरात्राचा घट तर जवळून पाहावा. पत्रावळीवर काळी माती पसरतात, तिच्यात धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवतात. मातीच्या अंगातून पाणी पाझरत राहतं आणि त्या ओलीवर धान तरारून येतं. दसऱ्याला हेच तुरे टोपीत खोवतात. तांब्याचा कलश ठेवला तर ती ओल मिळत नाही, वरून पाणी शिंपडत बसावं लागतं. देवीपुढचं हे छोटं शेत उगवतं ते कुंभाराच्या हातामुळे. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडाचा पहिला भाग १९५८ मध्ये निघाला. व्रतं आणि उत्सव यांची त्यातली शास्त्रचर्चा अजोड आहे. पण तो पोथ्यांचा अभ्यास. भट्टीपर्यंत जाणं हे त्याचं काम नव्हतं.

ते काम गावगाड्याच्या अभ्यासाने सुरू केलं होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. कोणाचा हक्क काय, सुगीला खळ्यावर कोणाला किती, सणावाराला कोणाला काय, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. त्यांची मतं आज अनेक ठिकाणी खटकतात, पण नजर पक्की होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिकडे सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० मध्ये जातीजमातींचा जाडजूड ग्रंथ काढला. तो प्रशासनाच्या चष्म्यातून लिहिलेला. १९६१ च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा स्वतंत्र खंड तयार झाला. संदर्भाला तो फार उपयोगी, वाचायला कोरडा. जालना जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १ मे १९८१ रोजी झाला.

विद्यापीठांचं लक्ष गेलं ते वारीकडे. इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या; त्यांचा त्यावरचा लेख १९६२ मध्ये इंग्रजीत आला आणि जगभर वाचला गेला. यात्रेत माणसामाणसातले भेद विरघळतात, अशी मांडणी पुढे व्हिक्टर टर्नर यांनी केली. इरावतीबाईंनी मात्र एकाच पालखीमागे जातवार वेगळ्या चालणाऱ्या आणि वेगळ्या जेवणाऱ्या दिंड्या पाहिल्या होत्या, आणि ते त्यांना सलत होतं. मला त्यांचं ते सलणं टर्नर यांच्या सिद्धान्ताहून मोलाचं वाटतं. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर राहून बिरोबा-खंडोबाचा शोध घेत राहिले. रिचर्ड कॅशमन यांनी १९७५ च्या पुस्तकात टिळकांचा गणेशोत्सव राजकारणाच्या अंगाने तपासला. हे सगळं बहुतांशी पश्चिम महाराष्ट्रातलं.

मराठवाड्यात ही वाट एका माणसाने रुंद केली, ते डॉ. प्रभाकर मांडे. औरंगाबादच्या विद्यापीठात शिकवताना ते पालावर आणि वस्त्यांवर हिंडले. ‘मांग आणि त्यांचे मागते’ हा त्यांचा अभ्यास दुसऱ्याच प्रश्नापासून निघतो : कोणी कोणाकडे मागायचं, आणि ते मागणं हक्काचं कसं? सणाचा कणा इथेच आहे. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. सणाचं किती काम बाईच्या अंगावर पडतं, हे त्यांतून तिच्याच तोंडून कळतं.

आता बलुतं सुटलं. घट रोख पैशाला येतो, पणत्या साच्यातल्या येतात. या भागातली किती तरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. त्यांचं लक्ष्मीपूजन कारखान्यावरच्या कोपीत होतं. त्या दिवाळीला शोधनिबंधांत अजून हक्काची जागा मिळालेली नाही. घनसावंगी-अंबडच्या महाविद्यालयांतली मुलं याच घरांतून येतात. त्यांनी एका नवरात्राची नुसती नोंद ठेवावी : घट कुठून आला, माती कुठली, किती पैसे दिले, पूर्वी त्याबदली काय देत होते, घट घडवणाऱ्याच्या घरी घट कधी बसला. पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला ती वही काण्यांच्या खंडाशेजारी ठेवावी लागेल.